बोलक्या पेटीचं माहेरपण

"पापडाचं यंत्र कसं, नुसतं हँडल फिरवायचं असतं, ताई," देशमाने सर म्हणाले. "त्याला बघायला लागत नाही."

बशीत चहा ओतल्याचा आवाज आला, मग फुंकर. सर आमच्या बाजेवर बसले होते आणि बाज त्यांच्या वजनाने कुरकुरत होती. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी उभी होते. तापलेल्या वासराच्या कपाळावर ठेवावा तसा माझा हात संगणकाच्या डोक्यावर होता.

"हा दुरुस्त होईल की, सर."

"होईल ना. न व्हायला काय झालं? पण करणार कोण? आमचा माणूस सांगलीहून यायचा म्हणजे दिवाळी उलटेल. आणि आज केला, उद्या परत बसला, तर? तुम्हाला दिसत नाही. यजमान निम्मा महिना गाडीवर. घरात दुसरं कोण आहे?"

घरात दुसरं जे कोण होतं ते सैपाकघराच्या दाराआड उभं होतं. मिश्रीचा वास तिथूनच येत होता.

"सासूबाई आहेत."

"त्यांना वाचता येतं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग झालं तर. विट्याला एक मुलगी आहे, तिलाही दिसत नाही, पण घरात सगळे शिकलेले. तिथं हा कामाला येईल. परवा गुरुवारी सकाळी जीप घेऊन येतो. हा नेतो, यंत्र ठेवून जातो. पापडाला मागणी आहे, ताई. तुमचं भलंच होईल."

देशमाने सर वाईट माणूस नव्हते. अंधांसाठीच्या एका संस्थेतर्फे गावोगाव फिरून आमच्यासारख्यांना काठ्या, यंत्रं, कामं मिळवून देणं हाच त्यांचा दिवस होता. हा संगणकही त्यांनीच आणून दिलेला. त्यांचं बोलणं मऊ असायचं. इतकं मऊ, की त्याला धरून भांडता यायचं नाही.

जीप गेल्यावर आत्या दाराआडून बाहेर आल्या. आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात. कपबशी उचलत म्हणाल्या,

"एवढं पापड खानार कोन?"

मला रडू येत होतं, ते हसण्यावर गेलं.

*

ती पेटी माझ्याकडे आली तेव्हा मला वाटलं होतं, कुणीतरी माझ्या बोटांना जीभ दिली. कळ दाबली की ती अक्षर बोलून दाखवायची. 'क' दाबला की 'क', 'म' दाबला की 'म'. आवाज पुरुषाचा, आणि उच्चार परमुलखातून मराठी शिकून आलेल्या साहेबासारखा. संस्था मला रेकॉर्ड केलेली भाषणं, बैठका, मुलाखती पाठवायची. मी कानाने ऐकायची, बोटांनी उतरवायची, आणि पेटी वाचून दाखवी त्यावरून चुका सुधारायची. आटपाडीच्या अलीकडच्या आमच्या उजाड गावात, जिथे बायका दिवसभर दगड नाही तर डाळिंबं वेचतात, तिथे मी सावलीत बसून शब्द वेचत होते. हे माझं काम होतं. माझं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं.

आत्यांना मात्र पेटी मानवली नव्हती. "बाईमानसाच्या घरात ह्यो कुठला बुवा सारखा बोलतोय," म्हणत पहिले काही दिवस त्या त्या खोलीत येताना डोक्यावर पदर घ्यायच्या.

मग नणंदेच्या घरच्या लग्नाचे फोटो दाखवायला म्हणून कुणीतरी तिला पेनड्राइव्ह लावला, आणि त्यातून काय शिरलं कोण जाणे, पेटी तोतरं बोलायला लागली. एकेक अक्षराला अडखळायची. पुढे 'क'ला 'कककक' करत बसायची. आणि एक दिवस तिची वाचाच बसली. पंखा फिरायचा, पडदा उजळायचा म्हणे, पण तोंडातून हूं की चूं नाही.

बुधवारी सकाळी मी कुमुदला फोन लावला. कुमुद माझी अंधशाळेतली मैत्रीण, मिरजेत एका दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"फॅक्टरी सेटिंगला ने त्याला."

"म्हणजे?"

"कारखान्यातून निघाला तेव्हा जसा होता, तसा परत करायचा. रोग, कचरा, सगळं पुसून जातं."

"माझं कामही?"

"तेही. काय ठेवायचंय तुला? राहिलेलं परत ऐक, परत टाइप कर. चालू करताना वरच्या रांगेतली अकरावी कळ दाबत राहायची. पण शालन, एक आहे. तिथं तो मुका असतो. पडद्यावर ओळी येतात, त्यातली फॅक्टरी लिहिलेली ओळ शोधून निवडायची. भलतीच निवडलीस तर अडकून पडेल तो. डोळस माणूस घे शेजारी. मी वॉर्डातल्या सिस्टरला बसवलं होतं."

"आणि झाल्यावर बोलेल?"

"तुझी ती बोलणाऱ्या सॉफ्टवेअरची सीडी आहे ना? ती घाल. ती आपणहून बोलते. तिथवर मात्र डोळे लागतील बाई."

डोळे. मी अंगणात येऊन उभी राहिले. गावात वाचणारे नव्हते असं नाही. पण शाळेला दिवाळीची सुट्टी, मास्तर आपल्या गावी. तरणी पोरं डाळिंबाच्या तोडीला, शाळकरी पोरंही त्यांच्याबरोबर. माझे यजमान हणमंत गाडी भरून इंदूरला गेलेले. सोसायटीच्या क्लार्ककडे आत्यांबरोबर जाऊन आले, तर तो म्हणाला, "संस्थेची वस्तू आहे वहिनी, मी हात लावणार नाही. उद्या माझ्यावर येईल." वर त्या आठवड्यात लाइट दुपारी जायची ती कधी येईल याचा नेम नसायचा. सकाळ चढत होती.

परत येताना आत्या पुढे, त्यांच्या पदराचं टोक धरून मी मागे. अशीच चालायची आमची वाट. पदर धरायचा, हात नाही. लग्न होऊन आल्यापासून त्या मला कधी टाकून बोलल्या नव्हत्या, त्यांनी मला उपाशी ठेवलं नव्हतं, आणि हातही लावला नव्हता.

उंबऱ्याशी त्या थांबल्या.

"म्या बघू का?"

"तिथं इंग्रजी असतंय, आत्या."

"आसू दे की. म्या इंग्रजी कोरलंय. खरसुंडीच्या जत्रंत एका मिलटरीवाल्याच्या दंडावर ह्येवढं लांबडं कोरलं. चिठ्ठीवर हुतं तसं. काय हुतं ते त्याचं त्याला ठावं."

मी पायरीवरच बसले.

आत्या गोंदायच्या. तरुणपणापासून गुडघे धरेपर्यंत त्या जत्रेजत्रेत गोंदायला बसल्या. तुळस, विंचू, सीतेची न्हाणी, बायकांच्या हनुवटीवर ठिपका. आणि पुढे लोक शिकले तशी नावं. भावाचं नाव बहिणीच्या हातावर, नवऱ्याचं बायकोच्या. गिऱ्हाईक चिठ्ठी आणायचं, आत्या ती समोर ठेवून कातडीवर उतरवायच्या. अक्षर त्यांना आकार म्हणून ठाऊक होतं, आवाज म्हणून नाही. आणि मला? मी सहावीत असताना तापाने डोळे नेले. पण पाचवीला पाटीवर ए बी सी डी घोटून घेतली होती गुरुजींनी. ती कुठेतरी आत असेल. असायला हवी होती.

"आत्या," मी म्हणाले, "तुमी पडद्यावर बघून माझ्या तळहातावर उतरवाल?"

"सुई नगं?"

"बोटानं."

"मंग काय. बिनदुखाचं काम."

*

बाज टेबलाशी ओढून बसले आणि पेटी चालू केली. अकरावी कळ दाबत राहिले. पंख्याचा आवाज वाढला, कमी झाला, थांबल्यासारखा झाला.

"काय दिसतंय?"

"निळंशार. जनू इरकलीचा पदूर पसारलाय. त्याच्यावर पांढऱ्या मुंग्या."

"मुंग्यांच्या रांगा किती?"

"चार. वरच्या रांगंवर उजेड पडलाय."

आत्यांनी पाट ओढला आणि गिऱ्हाइकासमोर बसावं तशा माझ्यासमोर बसल्या. माझा हात ओढून मांडीवर घेतला, उताणा केला, तळव्यावरून अंगठा फिरवून कातडी ताणली. सवय होती ती. मग मान वळवून पडद्याकडे बघितलं आणि बोट टेकवलं.

त्यांचं बोट खरबरीत होतं, पण रेघ अशी नेमकी, की केसाने काढावी.

पहिलं अक्षर नागाचं वेटोळं. एस. ओळखलं.

दुसरं आलं. उभा खांब, आणि त्याच्या बुडाला आडवं लाकूड.

"परत काढा."

त्यांनी परत काढलं. तेच. असं अक्षर नव्हतं. तिसरं आलं: दोन काठ्यांचं पाल, पण जमिनीवर ठोकलेलं नाही, आभाळातून उलटं लोंबणारं. असंही अक्षर नव्हतं.

वाटलं, गेलं. डोळे गेले तेव्हा अक्षरं आत राहिली असं मी समजत आले होते, रोज मनात त्यांच्यावरून हात फिरवल्यासारखं करत होते. आणि तीही गेली होती तर. कुठली तरी मोडकी चिन्हं उरली होती.

"काय झालं? थांबलीस?"

"मला वाचता येत नाही, आत्या."

"मला तरी कुठं येतंय?" त्या म्हणाल्या. "म्या तर समूरचं तसंच उतरवलंय. रेघ बी हालली न्हाय. हितनं असं दिसतंय बग—" आणि त्यांनी माझं बोट धरून तेच अक्षर स्वतःच्या तळव्यावर गिरवलं.

तेव्हा कळलं.

"आत्या, तुमी गोंदताना नेहमी समोर बसता?"

"मंग काय गिऱ्हाइकाच्या मांडीवर बसू?"

"म्हणजे तुमच्या बाजूनं सुलट असतंय ते मला उलटं येतंय. तुमी समोर बसू नका. इकडं या. माझ्या शेजारी."

पाट सरकला. मग बाज कुरकुरली आणि त्या माझ्या शेजारी बसल्या, दंडाला दंड लावून. मिश्रीचा वास, लुगड्याला चुलीच्या धुराचा वास. माझा हात परत त्यांच्या हातात गेला. आता आम्ही दोघी एकाच दिशेला तोंड करून होतो.

नाग. मग खांब, आणि त्याच्या माथ्यावर आडवं लाकूड: टी. मग जमिनीवर घट्ट ठोकलेलं पाल: ए. आर. टी.

"स्टार्ट," मी म्हणाले. मग परत म्हणाले, नुसतंच, चव घ्यावी तसं. "स्टार्ट. आत्या, ही स्टार्ट लिहिलेली ओळ आहे."

"ती हवी का?"

"ती नको. खालची बघा."

दुसरी ओळ लांबलचक निघाली आणि नकोच होती. तिसरीच्या सुरुवातीला आर, ई, एस असं काहीतरी आलं आणि मी म्हणाले, पुढचा शब्द घ्या.

"खांबाला एका अंगाला दोन खुट्ट्या," आत्या गिरवता गिरवता सांगू लागल्या. त्यांनाही आता रंग चढला होता. "मंग तुजं पाल. मंग फुटकी बांगडी. मंग माथ्यावर लाकूड. मंग भाकर. मंग प्वाट फुडं काढून एक पाय मागं टाकल्याली बया. आन शेवटाला बेचकं, गलोलीचं, पाखरू मारायचं."

एफ. ए. सी. टी. ओ. आर. वाय.

मी त्यांचा हात घट्ट दाबला. त्यांनी तो काढून घेतला नाही.

खालची कळ दाबली. "उजेड एक रांग उतारला," आत्या म्हणाल्या. परत दाबली. "आता बेचक्याच्या रांगंवर आला." मी मोठी कळ दाबली. निळा पदर गेला, तांबडी चौकट आली, तिच्यात मुंग्यांचा मोठा पुंजका आणि खाली दोन डब्या. एक उजळ. उजळ डबीत एन आणि ओ. दुसरीत बेचकं, तीन दातांचं दंताळं, नाग: वाय, ई, एस.

"आता काय इचारतंय?"

"सगळं पुसू का म्हणून."

"आन न्हाय म्हनलं तर?"

"तर उद्या पापड."

"मंग बसलीस काय? म्हन की हो."

उजेड सरकवला. माझं बोट कळेवर थांबलं. पुसायचं म्हणजे काय काय, हे सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. डोळ्यांपुढे म्हणजे बोटांपुढे. एवढ्या दिवसांत टाइप केलेल्या कितीतरी माणसांचं बोलणं, माझ्या चुका, सुधारणा, मधेच रिकाम्या वेळी मी जुळवून ठेवलेल्या चार-दोन ओव्या.

दाबलं.

*

"पांढरी नळी हाय," आत्या म्हणाल्या. "तिच्यात हिरवं पानी भराय लागलंय. पर थेंबथेंब. आपल्या टँकरगत."

मग वाट बघणं आलं. आत्या म्हणाल्या, "ही नेमकी चाललीया कुठं?"

पेटीतला आवाज बुवाचा होता तोवर तो 'ह्यो' होता. मुकी झाल्यावर ती 'ही' झाली.

"जिथनं आली तिथं. कारखान्यात. तिथं होती तशी कोरी होऊन परत येणार."

"म्हंजी म्हायेरला." त्यांनी जरा विचार केला. "बरं हाय की. बाई म्हायेरला जाऊन आली की सुदरती." आणि गोंदताना म्हणायच्या तशा घोगऱ्या, ठेक्याच्या आवाजात त्यांनी धरलं:

"म्हायेरा गेली सखी, भार डोईचा टाकीला
आईच्या गं न्हानीमंदी शीण अंगाचा धुतीला…"

मी त्यांचं गाणं पहिल्यांदा ऐकत होते. गोंदताना गातात, हे ठाऊक होतं. सुई टोचते तेव्हा माणसाचं मन गाण्यात गुंतवायचं, म्हणजे दुखणं तेवढं कमी पोचतं. आमच्या घरच्या सगळ्या लेकीसुनांच्या अंगावर आत्यांचं गोंदण होतं. थोरल्या जाऊबाईंच्या मनगटावर तुळस, नणंदांच्या हनुवटीवर ठिपके. नव्या सुनेला घरात आल्यावर गोंदायची रीतच. माझा हात तेवढा कोरा. मी कधी विचारलं नव्हतं. दिसत नाही तिला कशाला दागिना, असं त्यांना वाटत असेल, अशी समजूत करून घेऊन मी ते गिळलं होतं.

त्या दिवशी दंडाला दंड होता म्हणून असेल, तोंडातून निघून गेलं.

"आत्या, मला का नाही गोंदलं?"

गाणं थांबलं.

"भ्याले," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"सुई धरली की म्या हाताकडं बगत न्हाय, शालन. हात माजा मला ठावं हाय. म्या मानसाच्या डोळ्यात बगती. किती दुखतंय, कुठं थांबायचं, कुनाला सोसतंय, ते डोळं सांगत्यात. तुजं डोळं मला काय बी सांगंनात. तू आलीस तवा लई येळा बगितलं. वाटायचं, हिला लागलं तर मला कळायचं कसं? मंग हातच लावला न्हाय."

मग मीच त्यांच्या चालीवर पुढची ओवी जुळवली:

"येईल माघारी ती, नवी चोळी अंगावरी
सासू वाट बघे तिची, बसूनिया जोत्यावरी."

"कुटली सासू बसती जोत्यावर," आत्या फणकारल्या. "माजी तर कवा बसली न्हाय."

"तुमी बसलाय की आत्ता. बाजेवर."

त्या हसल्या. त्यांचं हसणं पोटातून यायचं. मला ते दंडाला जाणवलं.

"आन गोंदायचं म्हनशील," त्या म्हणाल्या, "तर सकाळपासनं काय करतीया मंग? अख्खा तळवा भरून काढला तुजा."

नळी भरत गेली. मधे एकदा पाणी थांबलं. मग पुन्हा सरकलं. पडदा काळा झाला, उजळला, काळा झाला. उन्ह उंबऱ्यातून आत आल्याचं पायाला कळत होतं. शेवटी आत्या म्हणाल्या, "नळी भरली. गेली. आता नवी पाटी आली."

पेटी परत आली होती आणि नव्या नवरीसारखी एकेक गोष्ट विचारत होती. कुठला देश, कुठली वेळ. आत्या गिरवत होत्या, मी वाचत होते, पुढे जात होते. आमची आता लय बसली होती. अर्ध्या अक्षरात मला शब्द कळायचा आणि त्या लगेच पुढच्यावर उडी घ्यायच्या.

आणि लाइट गेली.

बल्बचा गुणगुणणारा आवाज बंद झाला आणि टेबलाखालचा बॅटरीचा खोका पिल्लू हरवल्यागत चिरकायला लागला. ती बॅटरी जुनी. जास्त तग धरायची नाही, हे मला ठाऊक होतं. अर्ध्यावर बंद पडली तर ना माहेरची ना सासरची.

"आत्या, लवकर. आता काय आहे?"

"एक रिकामा डबा हाय, त्यात रेघ लुकलुकतीया. वर मुंग्या." त्यांचं बोट भराभर फिरलं. एन. ए. एम. ई.

"नाव विचारतंय. कुणाचा संगणक म्हणून."

"मंग घाल की कायतरी."

खोका चिरकत होता. विचार करायला वेळच नव्हता. संस्थेचं नाव होतं आधी तिथे, चालू झाली की पेटी पहिलं तेच बोलायची; ते मला घालायचं नव्हतं. बोटांत जे आलं ते मी टाइप केलं आणि मोठी कळ दाबली.

"गेला डबा," आत्या म्हणाल्या. "थांब, गोल चकरी फिरतीया. फिरतीया. अगं बाय."

"काय? काय आलं?"

"हिरवागार डोंगूर. वर निळं आभाळ, कापसागत ढग. गवात बग कसलं. आपल्यात न्हाय तसलं." त्या जरा वेळ नुसत्या बघत राहिल्या. "हिचं म्हायेर चांगलं हाय."

ती पोचली होती. मी कुमुदने शिकवलेल्या कळा दाबून पेटी नीट मिटवली. खोका चिरकायचा थांबला आणि घरात एवढी शांतता झाली, की बाहेर कोंबडी माती उकरत होती तीही ऐकू आली.

*

लाइट आली ती गुरुवारी सकाळी उशिरा. आम्ही दोघी तिची वाट बघत बाजेवर बसूनच होतो, आंघोळी करून. सीडी घातली. कुमुदचं खरं निघालं. थोड्या वेळाने ती आपणहून बोलली, तेच परमुलखातलं मराठी. मी तिच्या सूचनांप्रमाणे कळा दाबत गेले. शेवटी ती म्हणाली, आता संगणक बंद करून पुन्हा चालू करावा लागेल. हो म्हटलं. पंखा बंद झाला, आणि तेवढ्यात दारात जीप थांबली.

"झालं का आवरून, ताई?" देशमाने सर आत आले. त्यांच्यामागून कुणीतरी धापा टाकत काही जड आणलं आणि उंबऱ्यात ठेवलं. लोखंड फरशीवर आपटलं. आत्या उठून सैपाकघराच्या दाराआड गेल्या.

"जरा थांबा, सर. तो चालू होतोय."

"ताई, हे बघा. वाईट वाटतं, मला कळतं. पण बंद वस्तूत किती दिवस जीव अडकवून—"

पंखा फिरायला लागला. सर बोलायचे थांबले. पेटीने तिची चार सुरांची धून वाजवली. मग काही नाही. मी टेबलाची कड धरली. काहीच नाही.

मग तो आवाज आला. सावकाश, एकेक अक्षर जपून ठेवल्यासारखा.

"गजरा."

सर म्हणाले, "कोण गजरा?"

आमच्या घरात त्या नावाने कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. गावाला ती गोंदणारीण होती, हणमंताला आई, नातवंडांना म्हातारी, मला आत्या. एकदा त्यांचे थोरले भाऊ आले होते, वाकलेले, कापऱ्या आवाजाचे. त्यांनी पाणी मागताना ते नाव घेतलं होतं. तेवढंच मी ऐकलेलं.

दाराआड हालचाल झाली. सर घरात असताना आत्या कधी पुढे आल्या नव्हत्या. मिश्रीचा वास दारातून निघाला, माझ्या शेजारून गेला आणि खोलीच्या मधोमध थांबला.

"म्या," आत्या म्हणाल्या. "का?"

सर म्हणाले, बघू तरी, काही टाइप करून दाखवा. मी म्हटलं, तुम्ही सांगा. त्यांनी घसा खाकरून संस्थेच्या बैठकीचं निमंत्रण सांगितलं. त्यांच्या बोलण्याच्या वेगाने माझी बोटं धावली, आणि पेटीने ते सगळं त्यांना परत वाचून दाखवलं, त्यांच्यापेक्षा जास्त अदबीने.

"कुणाला आणलं होतं दुरुस्तीला?"

"कुणाला नाही. आम्ही दोघींनी केलं."

"पण ह्यांना तर वाचता…"

"न्हाय येत," आत्या म्हणाल्या. "उतरवाय येतं. हिला वाचाय येतं. दोघीचं मिळून झालं."

मग सर हसले. मोकळं हसले, त्यांच्या मऊ बोलण्यापेक्षा ते हसणं मला आवडलं. विट्याच्या मुलीला दुसरा संगणक बघतो म्हणाले. नव्या मुलाखती पुढच्या आठवड्यात पाठवतो म्हणाले. चहा नको म्हणाले, मग घेतला.

"आन ते उचला," आत्यांनी उंबऱ्याकडे बोट केलं असणार. "दारात अडचन हुतीया."

लोखंड धापा टाकत बाहेर गेलं. जीप लांब गेली तरी तिच्या मागच्या फळ्यांत पापडाचं यंत्र खडखडत होतं, ते ओढ्याच्या वळणापर्यंत ऐकू येत होतं.

आत्या बाजेवर बसल्या. मीही बसले. मग त्यांनी माझा हात ओढून मांडीवर घेतला.

"शालन."

"काय, आत्या?"

"त्याला पुन्यांदा म्हनाय लाव की."

मी उठून पेटी बंद केली आणि परत चालू केली. तिला उठायला वेळ लागायचा. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून वाट बघत राहिलो.